क्रोशाचे उबदार लेग वॉर्मर: पहिल्यांदाच सुई धरणाऱ्यांसाठी

ठाण्यात लेग वॉर्मर कशाला, असं कुणी विचारलं तर मी त्यांना ऐरोली किंवा महाप्याच्या एखाद्या ऑफिसात दुपारी चार तास बसून बघायला सांगते. थंड हवा जड असते, ती खाली उतरते. त्यामुळे एसीखाली बसलेल्या माणसाच्या खांद्यांना काही वाटत नसतं, तेव्हाही टेबलाखाली पोटऱ्या गारठलेल्या असतात. घरातल्या आजी-आजोबांचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून लादीवर पाय ठेवला की गारवा थेट गुडघ्यापर्यंत चढतो. मोजे घालावेत तर गुळगुळीत टाइल्सवर पाय सरकण्याची भीती. लेग वॉर्मर घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंतच असतो, तळवा मोकळा राहतो. चप्पल घालता येते, लादीवर पायाची पकड सुटत नाही आणि ऊब हवी तिथे मिळते.

शिकायलाही ही वस्तू फार चांगली. स्वेटरला बाही, गळा, खांदा असं सगळं जुळवावं लागतं. मोज्याला टाच असते. लेग वॉर्मर म्हणजे एक आयत विणायचा आणि त्याच्या दोन कडा जोडायच्या. चुकलं तर एक ओळ उसवायची, बस्स. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिला रुमाल किंवा तोरण न देता आता लेग वॉर्मरच देते, कारण वापरायची वस्तू हातात तयार होताना दिसली की माणूस ती पूर्ण करतोच.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. लेग वॉर्मर पायावर टिकतो तो ताणामुळे, आणि हा ताण आडवा, म्हणजे पोटरीभोवती हवा, उभा नव्हे. क्रोशाच्या पट्ट्यांच्या विणीत चांगला ताण मिळतो तो ओळींना काटकोनात, ओळीच्या लांबीत नव्हे, पण त्यासाठी काम योग्य बाजूनं सुरू करावं लागतं. खाली दिलेली सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

सुई आणि लोकर

आपल्याकडे अनेक घरांत आईची किंवा आजीची क्रोशाची सुई सापडते. रुखवतात मांडलेले रुमाल, दाराचं तोरण, बाळाचं टोपडं तिच्यावरच विणलेलं असतं. ती बहुधा स्टीलची, अगदी बारीक, एक-दीड मिलिमीटरची असते आणि पांढऱ्या सुती दोऱ्यासाठी असते. लोकरीला ती चालत नाही. धागा फाटतो आणि वीण पुठ्ठ्यासारखी कडक होते. तुम्हाला ४ मिमीची सुई लागेल. शक्य असेल तर ४.५ मिमीची एक सोबत घ्या, तिचा उपयोग पुढे सांगते. अ‍ॅल्युमिनियमची साधी सुई उत्तम. मऊ मुठीची सुई हाताला बरी वाटते, पण तिच्यावाचून काही अडत नाही.

लोकर घेताना पहिल्या जोडीसाठी मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची अ‍ॅक्रिलिक लोकर घ्या. फिका रंग यासाठी की टाका स्पष्ट दिसतो. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीत ट्यूबलाइटखाली काय चाललंय ते सराईत हातालाही कळत नाही. केसाळ, चमकीची, गाठीगाठींची फॅन्सी लोकर कितीही गोड दिसली तरी तूर्त ठेवून द्या. ती उसवताना गुंतते आणि नवशिक्याला उसवावं तर लागणारच.

शुद्ध लोकर जास्त उबदार असते यात वाद नाही. हिमाचलला किंवा उत्तराखंडला जायचं असेल तर ती घ्याच. पण आपल्या दमट हवेत तिला कसर लागते, जपणं जिकिरीचं होतं आणि काहींच्या कातडीला ती टोचते. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही, ती लवकर वाळते. सुती धागा घाम शोषतो, कातडीला मऊ लागतो, पण ताणला की परत जागेवर येत नाही. दिवसभरात लेग वॉर्मर घोट्यावर गोळा होतो. म्हणून ज्यांना अ‍ॅक्रिलिक सोसत नाही त्यांनीच सुती घ्यावा आणि विणताना घेर आणखी थोडा कमी धरावा.

मोठ्या माणसाच्या एका जोडीला साधारण दीडशे ग्रॅम लोकर लागते. दोनशे घ्या आणि सगळे गुंडे एकाच लॉटचे आहेत ना ते वेष्टनावरचा नंबर बघून तपासा. रंग तोच असला तरी वेगळ्या लॉटच्या गुंड्यात छटा बदलू शकते. दुकानात दिव्याखाली ते कळत नाही, घरी खिडकीशी धरल्यावर कळतं. ठाण्याला जांभळी नाका, गोखले रोड या भागात किंवा वाशीला सेक्टर १७ मध्ये लेस-बटणं, शिवणसामान विकणाऱ्या दुकानांत विचारा. ऑनलाइन मागवली तर वेष्टनावर सुचवलेला सुईचा नंबर वाचा. ४ मिमीच्या आसपास असेल तर जाडी बरोबर आहे.

याशिवाय मोजपट्टी, कात्री, स्वेटर शिवायची मोठ्या नाकाची बोथट सुई आणि खुणेसाठी दोन-तीन सेफ्टी पिना. एवढंच.

तीन टाके

लागतात फक्त तीन प्रकार: साखळी, मुका खांब आणि अर्धा खांब.

सुरुवातीला धाग्याची सरकगाठ मारून लूप सुईवर घ्या. धागा डाव्या हाताच्या तर्जनीवरून जाऊ द्या आणि गाठीच्या खाली अंगठा व मधल्या बोटानं धरा. सुई पेनासारखी धरली काय किंवा सुरीसारखी धरली काय, दोन्ही ठीक. डावखुऱ्यांनी सगळं आरशातल्यासारखं उलट करावं, विणीत काही फरक पडत नाही.

साखळी: सुईवर धागा घ्या आणि लूपमधून ओढून काढा. एक साखळी झाली.

मुका खांब: सुई खालच्या टाक्यात घाला, धागा घेऊन बाहेर ओढा. सुईवर दोन लूप दिसतील. पुन्हा धागा घ्या, दोन्हींतून काढा.

अर्धा खांब: आधी सुईवर धाग्याचा एक वेढा घ्या, मग सुई टाक्यात घाला, धागा ओढून घ्या. आता तीन लूप आहेत. पुन्हा धागा घेऊन तिन्हींतून एकदम काढा. तिन्ही लूप एकदम सोडवताना सुई अडकत असेल तर तुम्ही धागा आवळून धरताय. मधलं बोट सैल करा, लूप सुईच्या जाड भागावर घडू द्या, टोकाच्या निमुळत्या भागावर नाही.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी एक सूचना. ज्याला आपण मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकन नमुन्यांत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यांत डबल क्रोशे. आपला अर्धा खांब अमेरिकन पद्धतीत हाफ डबल, ब्रिटिश पद्धतीत हाफ ट्रेबल. नमुना कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी बघा, नाहीतर अर्ध्या वाटेवर माप कुठच्या कुठे जातं.

मागच्या धाग्यातली वीण

आता या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. विणलेल्या ओळीकडे वरून पाहिलं तर वेणीसारखे पेड दिसतात. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोन धागे: एक तुमच्याकडचा, एक पलीकडचा. एरवी सुई दोन्हींखालून घालतात. आपण ती फक्त पलीकडच्या धाग्याखालून घालायची. जवळचा धागा मोकळा राहतो आणि दर दोन ओळींमागे एक उंच रेघ तयार होते. स्वेटरच्या मनगटाला, कमरेला जशा उभ्या पट्ट्या असतात, तशाच पट्ट्या क्रोशात यामुळे मिळतात, आणि त्या तशाच ताणतात.

अर्ध्या खांबात इथे हमखास घोळ होतो. वेढा घेतल्यामुळे या टाक्याला माथ्यावरच्या दोन धाग्यांखेरीज तिसरा एक धागा असतो. काम वळवलं की तो आपल्या बाजूला, माथ्याच्या जरा खाली येतो. समोरून बघणाऱ्याला हा तिसरा धागा आणि जवळचा धागा मिळून पेड वाटतो, आणि तो जवळच्याच धाग्यात सुई घालत राहतो. मग वीण सपाट येते, ताणत नाही. यावर उपाय म्हणजे काम स्वतःकडे झुकवून बरोबर वरून बघायचं आणि सगळ्यात पलीकडचा धागा उचलायचा. पहिल्या काही ओळी प्रत्येक टाक्याला थांबून बघा. नंतर बोटालाच कळतं.

नमुना विणून माप काढा

"किती साखळ्या घालायच्या?" हा प्रश्न मला सगळे विचारतात. त्याचं उत्तर तुमच्या हातात आहे, माझ्या नाही. एकच लोकर आणि एकच सुई दोघींना दिली तरी एकीचे टाके घट्ट येतात, एकीचे सैल. म्हणून आधी छोटा नमुना विणा.

२१ साखळ्या घाला. सुईकडून दुसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब घ्या आणि शेवटपर्यंत जा; २० टाके होतील. एक साखळी घालून काम वळवा आणि पुढच्या ओळी मागच्या धाग्यात विणा. अशा १४ ओळी करा. नमुना टेबलावर ठेवा, न ओढता थोडा वेळ तसाच पडू द्या. मग कडा सोडून मधल्या भागात १० सेंमीत किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. हे दोन आकडे लिहून ठेवा. नमुना फार कडक वाटत असेल तर मोठी सुई घेऊन पुन्हा विणा.

पायाची मापं बसून घ्या. घोट्याच्या हाडापासून गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत लांबी. पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर. घोट्याच्या वरचा घेर. दोन्ही पाय मोजा, अनेकांच्या पोटऱ्या सारख्या नसतात.

लांबी आहे तशी घ्यायची. घेर मात्र पोटरीच्या मापापेक्षा साधारण एक-दशांश ते एक-अष्टमांशाने कमी धरायचा, म्हणजे वीण ताणून पायाला धरून राहते. बरोबर मापाचा विणला तर तो दोन तासांत घसरतो.

उदाहरण घेऊ. नमुन्यात १० सेंमीला १६ टाके आणि ११ ओळी आल्या. लांबी ३६ सेंमी हवी, म्हणजे ३.६ गुणिले १६, साधारण ५८ टाके. पोटरी ३५ सेंमी, कमी करून ३१ धरली, म्हणजे ३.१ गुणिले ११, साधारण ३४ ओळी. ओळींची संख्या सम ठेवा. दोन ओळींची एक पट्टी होते, त्यामुळे सम संख्येला जोडावरची पट्टी जुळते. इथून पुढे मी ५८ टाके आणि ३४ ओळी धरून सांगते. तुम्ही तुमचे आकडे घाला.

घरातल्या मोठ्यांसाठी विणत असाल, विशेषतः ज्यांच्या पायाला सूज येते किंवा मधुमेह आहे, तर घेर कमी धरूच नका. घसरला तर वर ओढता येतो. पण घट्ट झालेला, कातडीवर वळ उमटवणारा लेग वॉर्मर त्यांच्या पायाला अजिबात नको.

विणायला सुरुवात

४.५ मिमीच्या सुईनं ५९ साखळ्या घाला. मोठी सुई इतक्यापुरतीच. साखळी नेहमी विणीपेक्षा घट्ट येते आणि मग लेग वॉर्मरची एक बाजू आखडते. मोठी सुई नसेल तर साखळी मुद्दाम सैल घाला. सेफ्टी पिन सुरुवातीच्या गाठीशी न लावता आत्ता सुई आहे त्या टोकाला लावा. ही घोट्याची बाजू.

पहिली ओळ ४ मिमीच्या सुईनं. सुईकडून दुसऱ्या साखळीपासून १४ मुके खांब घाला, मग उरलेल्या ४४ साखळ्यांत अर्धे खांब. साखळीचा एकच वरचा धागा उचला, खालचा जोडणीसाठी मोकळा राहू दे. एक साखळी घाला, काम वळवा. ही वळणाची साखळी टाका म्हणून मोजायची नाही.

दुसऱ्या ओळीत आधी ४४ अर्धे खांब, मग १४ मुके खांब, सगळे मागच्या धाग्यात. अपवाद फक्त दोन: ओळीचा पहिला आणि शेवटचा टाका दोन्ही धाग्यांखालून घ्या, त्यानं कड सरळ आणि मजबूत राहते. एक साखळी, वळवा.

तिसऱ्या ओळीला पुन्हा १४ मुके आणि ४४ अर्धे. पिन असलेल्या बाजूला नेहमी मुके खांब, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. मुका खांब अर्ध्या खांबापेक्षा बुटका असतो, त्यामुळे त्या बाजूच्या ओळी कमी जागा घेतात. पोटरीकडे ३१ सेंमी भरणाऱ्या ३४ ओळी घोट्याशी जवळपास २३ सेंमीत बसतात. टाके न घटवता, न वाढवता लेग वॉर्मर आपोआप खाली निमुळता होतो. मला या पद्धतीचं फार कौतुक वाटतं, कारण टाके कमी-जास्त करण्याच्या धास्तीनंच कित्येक जण विणकाम सोडून देतात.

प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. हो, प्रत्येक. निदान पहिल्या दहा ओळी तरी. ५८ चे ५७ झाले तर बहुतेक वेळा शेवटचा टाका राहून गेलेला असतो. तो कडेला दडून बसतो आणि दिसत नाही. कड तिरकी जायला लागली की समजा तोच सुटतोय. शेवटच्या टाक्यातही एक पिन लावून ठेवली तर चुकत नाही.

दहा-बारा ओळी झाल्या की तुकडा पोटरीवर ठेवून बघा, पट्ट्या पायाच्या लांबीला धरून उभ्या येतात ना आणि आडव्या ताणतात ना. गुंडा संपला तर नवा धागा ओळीच्या टोकालाच जोडा. गाठ मारू नका, बसल्यावर ती पायाला टोचते. दोन्ही धाग्यांची वीतभर टोकं सोडा, ती नंतर बोथट सुईनं विणीत पुढे-मागे ओवून लपवायची.

बसताना उजेड खांद्यावरून येऊ द्या आणि अर्ध्या तासानं हात सोडून मनगटं फिरवा. नव्या माणसाला सुई आवळून धरायची सवय असते, अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. दुखलं की त्या दिवशी थांबा.

जोडणी

चौतीसावी ओळ घोट्याच्या बाजूला संपेल. धागा तोडू नका. आयत उभा दुमडा, म्हणजे सुरुवातीची साखळी आणि शेवटची ओळ एकमेकींना चिकटून येतील. कडा तीन-चार ठिकाणी पिनांनी धरा. आता सुई शेवटच्या ओळीच्या मागच्या धाग्यातून आणि समोरच्या साखळीच्या मोकळ्या धाग्यातून एकदम घाला, धागा घ्या आणि सुईवरच्या लूपसकट सगळ्यातून ओढून काढा. याला सरकता टाका म्हणतात. असं टाक्याला टाका जुळवत वरपर्यंत जा. सैल हातानं, इथे आवळलं तर नळी केळीसारखी वाकते. वर पोचल्यावर धागा तोडून लूपमधून ओढा, टोकं ओवून टाका, लेग वॉर्मर उलटा करा म्हणजे जोड आत जाईल.

दुसरा पाय सुरू करायला फार दिवस लावू नका. मधे खंड पडला की हाताची ओढ बदलते आणि तोच हिशोब असूनही दुसरा पाय लहान-मोठा येतो. पहिला तयार पाय शेजारी ठेवून दर काही ओळींनी मापत जा.

घालून पाहिल्यावर वरून सैल वाटला तर इलॅस्टिक घालण्याची घाई नको. ते एकाच जागी रुततं. त्याऐवजी जोड उसवा, दोन ओळी कमी करा आणि पुन्हा जोडा. किंवा साखळीची लांब दोरी विणून वरच्या कडेतून एका आड एक पट्टीखालून ओवा, पुढे फुली बांधा. लहान मुलींना दोरीच्या टोकांना गोंडे लावून दिले की त्या लेग वॉर्मर काढायला तयार होत नाहीत.

धुताना कोमट किंवा साधं पाणी, सौम्य साबण. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवे पसरून वाळवा. दोरीवर लोंबकळत ठेवले तर पाण्याच्या वजनानं लांबतात. पावसाळ्यात खुर्चीवर पसरून पंख्याखाली ठेवा. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका. उष्णतेनं धाग्यातला जीव जातो, पट्ट्या सपाट होतात आणि गेलेला ताण पुन्हा येत नाही.